डावा डोळा दूध म्हणतो, उजवा साय

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी मी अरबी समुद्रातल्या एका बेटाभोवतीचं आजारी प्रवाळ बरं केलं. अकोल्यात बसून, एका बटणात, तेही जेवणाच्या सुट्टीआधी.

माझ्यासमोर सहाशे चाळीस फोटो होते. पाण्याखाली काढलेले, म्हणून सगळे निळसर आणि मरगळलेले. मी बी.एस्सी. आहे, पण हाताला खरं वळण लागलं ते बार्शीटाकळीला, मामाच्या फोटो स्टुडिओत. दोन लग्नसराया मी तिथे अल्बम केले. तिथला कायदा एकच. फोटो आला की आधी 'ऑटो कलर' मारायचा, विचार नंतर. नवरदेव उन्हात कितीही रापलेला असो, बटण दाबलं की मंडपात शोभून दिसतो. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या लोकांना साधा फोटो उजळता येत नाही, आपण मदत करू. सगळे फोटो निवडले, बटण दाबलं, जुन्यांवरच सेव्ह केले आणि जमुनाकाकूंनी हाक मारली तसा भाकर खायला गेलो.

आता हे काम काय होतं ते सांगतो, म्हणजे मी काय करून बसलो ते कळेल.

त्या बेटाभोवती समुद्राच्या तळाशी लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत. दरवर्षी उन्हाळा सरताना पाणबुडे त्याच खुंट्यांशी उतरतात, तीच चौकट प्रवाळावर ठेवतात, कोपऱ्यात नंबराची छोटी पांढरी पाटी लावतात आणि फोटो काढतात. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं नव्हे, हे मला आमच्या गावात अजून पटवून देता आलेलं नाही. ते जिवंत असतं. पाणी जास्त तापलं की त्याचा रंग उडतो, आधी फिकट, मग पांढरं. पांढरं पडलं तरी लगेच मरत नाही, पाणी निवलं तर सावरतं. नाहीच सावरलं तर त्यावर शेवाळ चढतं. तेव्हा प्रत्येक फोटोला चारपैकी एक शेरा द्यायचा: निरोगी, फिकट, पांढरं, मेलेलं. असं पंधरा वर्षं चालू आहे. या कामात एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे काही बदलायचं नाही. जागा तीच, महिना तोच, चौकट तीच आणि डोळाही तोच. तरच यंदा समुद्राला काय झालं ते मागच्याशी ताडून सांगता येतं.

तो डोळा म्हणजे देवमनजी तायडे, जमुनाकाकूंचे यजमान. त्यांच्याच घरी बसून मी त्यांचा सहायक म्हणून काम करतो. वय एकोणसत्तर, राहणार अकोला. समुद्र त्यांनी पाहिलाय तो फक्त दादरला, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतून.

देवमनजी कापसाचे ग्रेडर होते. वडील बुधाजी जिनिंग गिरणीत हमाल, म्हणून पोरगा रुईच्या ढिगावरच वाढला. मॅट्रिकनंतर ट्रेनिंग घेतलं आणि एकतीस हंगाम कापूस खरेदी केंद्रांवर काढले. मूर्तिजापूर, अचलपूर, मोर्शी, जिथे पाठवतील तिथे. गाडी आली की मूठभर कापूस हातात घ्यायचा, बोटांनी तंतू ओढायचा, उजेडात धरायचा आणि सांगायचं. त्यांच्या एका शब्दावर माणसाचं वर्ष ठरायचं. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या गाडीला खालची प्रत लावली. मेहुणा सहा वर्षं बोलला नाही. जमुनाकाकू हे अजून सांगतात, आणि नेमकं पाहुणे आले की सांगतात.

"माह्या भावाच्या कापसाले कवडी म्हटलं यायनं."

"कवडीच होती, किडकी अन् पिवळी," देवमनजी म्हणतात. "मी काय तिले जाई-जुई म्हणू?"

प्रवाळाशी त्यांची गाठ पडली ती मुलीमुळे. दामिनीताई अमरावतीला प्राणिशास्त्र शिकल्या आणि समुद्राच्या नादी लागल्या. पहिल्या वर्षीचे फोटो घेऊन त्या घरी आल्या होत्या. त्यांचं आणि सोबतच्या मैत्रिणीचं एका फोटोवरून वाजलं, ही म्हणे पांढरं, ती म्हणे फिकट. देवमनजी मागून चहाचा कप घेऊन जात होते. जाता जाता म्हणाले, "यात तीन पांढरे हायत. तुमी कोनत्याचं बोलून राहिल्या?" आणि तिन्ही बोटानं दाखवले. ताईंच्या साहेबांनी मग रीतसर परीक्षा घेतली. त्या परीक्षेत साहेब दोन वेळा चुकले, देवमनजी एकदा.

त्यांना फक्त एक गोष्ट उलटी शिकायची होती. "जल्मभर पांढऱ्याले वरचा नंबर देला," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आता पांढरं दिसलं का खालचा नंबर द्या लागते."

बाकी रीत ग्रेडरचीच. कापूस ट्यूबलाइटखाली पाहायचा नाही, तसेच फोटोही नाही. घराच्या उत्तरेच्या खिडकीशी टेबल, सकाळी दहा ते बारा, संगणकाच्या पडद्याचा उजेड ठरलेला, त्याला हात लावायचा नाही. आणि हंगामाची सुरुवात डोळा तपासून. खरेदी केंद्रावर नमुन्याची पेटी असायची, दर प्रतीचा एकेक नमुना. रोज सकाळी आधी पेटी पाहायची, मगच गाड्या. इथे पेटीच्या जागी चाळीस जुने फोटो. यंदाच्या सहाशेत मागच्या वर्षांतले चाळीस असे एकूण सहाशे चाळीस माझ्याकडे यायचे. त्या चाळिसांवर नवे नंबर टाकून मी ते आधी त्यांच्यासमोर ठेवायचे, त्यांनी पुन्हा शेरे द्यायचे आणि जुन्या शेऱ्यांशी ताडून पाहायचं. चाळिसात छत्तीस जुळले तर डोळा ठीक. आजवर छत्तिसाच्या खाली ते कधी आले नव्हते.

यंदा बावीस जुळले.

मी दोनदा मोजले. मग त्यांनी मोजले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, जो त्यांना आता लागतही नव्हता, कारण दसऱ्याच्या आधी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. घरात सगळ्यांनी एकाच वेळी त्या डोळ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात ते बटण लख्खकन पेटलं.

बोललो का? नाही. उद्या बोलू, असं ठरवलं. त्या उद्याला दोन दिवस लागले.

संध्याकाळी दामिनीताईंचा बेटावरून फोन आला. अहवाल दोन आठवड्यांवर आलेला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, यंदा आराम करा. डोया नवा हाय, बसू द्या त्याले. संगणकच वाचंल."

"त्या संगणकाले कोनं शिकवलं?"

"तुमचेच शेरे टाकून शिकवला ना आमी."

"मंग मास्तरले घरी बसवून पोट्ट्याच्या हाती शाया देतं काय तू?"

ताई हसल्या नाहीत. "बाबा, बावीस हाय. मी तिकडे काय सांगू? एक साल चुकीचं गेलं तर मागच्या पंधरा सालांवर बोट ठेवतीन लोक."

हे बरोबर होतं, आणि तेच देवमनजींना लागलं. एरवी या माणसाला हलवणं सोपं नाही. केंद्रावर शेतकऱ्यांनी घेराव घातला तरी प्रत बदलली नाही म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी बसले आणि संगणक लावलाच नाही. नुसता हात डोळ्यांसमोर धरून पाहत राहिले. जमुनाकाकूंनी मला दुपारी वांग्याची भाजी दोनदा वाढली. इतकी चविष्ट भाजी इतक्या कष्टाने मी कधी गिळली नाही.

तिसऱ्या दिवशी दहाला मी पोचलो, तर संगणक चालू. समोर एक फोटो, पण इतका मोठा केलेला की प्रवाळ बाहेर गेलेलं आणि फक्त कोपऱ्यातली पाटी उरलेली.

"नितेश, बस. हे पाटी कोनत्या रंगाची?"

"पांढरी, काकाजी."

"वर पांढरी. खाली पान्यात कशी दिसते?"

मी पाटी आणखी मोठी करून पाहू लागलो.

"निळसर दिसते. पंधरा साल झाले, दरसाल निळसर. यंदा कोनं धुतली तिले?" त्यांनी दुसरा फोटो लावला. त्यातली पाटी पिवळट होती. तिसऱ्यात चुन्यासारखी पांढरी. "प्रवाळ आजारी पडते, बरं होते, त्याचं मी समजू शकतो. पाटी कधी आजारी पडते काय?"

"नाही."

"बरी होते?"

"नाही, काकाजी."

"मंग सांग."

मी सांगितलं. मामाचा स्टुडिओ, नवरदेव, बटण, सगळं. त्या बटणाची गंमत अशी, की प्रत्येक फोटोत ते आपल्या मनाने सगळ्यात उजळ जागा शोधतं आणि तिला पांढरं करतं. म्हणजे जिथे प्रवाळ नुसतं फिकट होतं तिथे ते पांढरंफट केलं, आणि जिथे सगळंच पांढरं होतं तिथे रंग भरून निरोगी केलं. मी डॉक्टर नव्हतो झालो, नुसती आजाऱ्यांची नावं बदलली होती.

"कवापासून ठाऊक हाय तुले?"

"परवापासून."

त्यांनी तो फोटो बंद केला. मग शांतपणे म्हणाले, "दोन दिवस माह्या डोयाले बदनाम होऊ देलं तू."

मागून काकू म्हणाल्या, "अन् आपण याले वांगे चारून राहिलो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी ते म्हणाले, "ते बटन दाखव मले." मी मोबाइलमध्ये त्यांचाच फोटो काढला आणि बटण दाबलं. पडद्यावर देवमनजी गोरेपान झाले, गालावर लाली आली. त्यांनी नीट पाहिलं, डोळ्यांजवळ धरून, दूर धरून.

"जमुना, हे पाय. पन्नास साल आंधी हे बटन असतं तर तुह्या बापानं एवढे आढेवेढे घेतले नसते."

मूळ फोटो माझ्या कृपेने गेले होते. दुसरी प्रत एका डिस्कवर, ताईंच्या संस्थेच्या अमरावतीच्या कार्यालयात कपाटबंद होती, आणि ती रजिस्टरवर सही केल्याशिवाय मिळत नसे. मी म्हटलं, मी जाऊन आणतो. देवमनजी म्हणाले, "तुह्या हाती एकट्याच्या? रस्त्यानं एखादं बटन दिसलं तर?" दुसऱ्या दिवशी सहाच्या एसटीने आम्ही दोघे निघालो.

मूर्तिजापूर मागे पडलं तसं माझ्या लक्षात आलं, की काकाजी खिडकीतून बाहेर पाहताना एक डोळा मिटताहेत. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. समोरच्या बाकावरच्या बाईंनी दोन वेळा वळून पाहिलं, पदर सारखा केला आणि उठून कंडक्टरजवळ जाऊन बसल्या.

"काकाजी, काय करून राहिले तुम्ही?"

"कापूस पाहून राहिलो."

बाहेर पहिला वेचा चालू होता. शेतांच्या बांधांवर, धुऱ्याधुऱ्यावर कापसाची गाठोडी होती. "तो ढीग पाय. डावा डोया त्याले दूध म्हणते, उजवा म्हणते साय. ढीग एकच."

मला वाटलं होतं, माझी चूक सापडली म्हणजे विषय संपला. तो तर आत्ता सुरू होत होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू तसाच होता, जुन्या काचेसारखा पिवळा. डाव्यात नवं भिंग. मूळ फोटो मिळाले तरी ते पाहायचे कोणत्या डोळ्याने?

"मग ताई म्हणतात तेच बरोबर की काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

देवमनजींनी दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "नमुन्याची पेटी जुनी झाली का नवी येये. जुनीतला कापूस पिवळा पडते ना. तवा काय खरेदी बंद करो काय आमी? दोनी पेट्या एक हंगाम शेजारी ठेवो. हे काय म्हणते, ते काय म्हणते, दोनी लिहून काढो. मंग जुनी फेको." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "माह्याजवळ तं सध्या दोनी पेट्या नाकाच्या दोन बाजूले हायत. असा मोका पुन्हा येत नाई."

अमरावतीला डिस्क मिळायला बारा वाजले. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, चला, गिला वडा खाऊ, माझ्याकडून, चुकीचा दंड म्हणून. गाडीसमोर उभे राहिलो. माणसाने वडा दह्यात बुडवला, वर चटणी टाकली. काकाजींनी दह्याकडे आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

"आता नाई. तुहा दंड बाकी ठेव. दोनी डोये सारखे झाल्यावर खाईन. अर्ध्या पारखीनं तुले सोडू काय मी?"

मी एकट्याने खाल्ला. वडा चांगला होता, पण दंड म्हणून धरला गेला नाही.

परत आल्यावर खरी परीक्षा. तेच चाळीस जुने फोटो, आता मूळ रंगातले. मी दरवेळी क्रम फिरवून लावले. आधी डावा डोळा रुमालाने बांधून, दुसऱ्या दिवशी उजवा बांधून. मी शेरे लिहून घेत होतो, काकू दाराशी तांदूळ निवडत होत्या आणि तांदळाकडे अजिबात पाहत नव्हत्या.

जुन्या, पिवळ्या उजव्या डोळ्याने सदतीस जुळले. नव्या डाव्याने एकतीस.

माझं तोंड उतरलं. देवमनजींनी कागद ओढून घेतला आणि डाव्या डोळ्याच्या नऊ चुकांखाली बोट फिरवत गेले. पहिली चूक, जुना शेरा निरोगी, आता फिकट. दुसरी, जुना फिकट, आता पांढरं. तिसरी तशीच. नऊच्या नऊ तशाच, एक पायरी पांढऱ्याकडे. उलटी एकही नाही. आणि सगळ्या गेल्या तीन वर्षांच्या फोटोंतल्या.

"हे पाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरेदी केंद्रावरचा होता. "मानूस कवा इकडे, कवा तिकडे चुकला तर त्याले घरी बसवा. चूक एकाच बाजूनं अन् एकाच मापानं होत असंल तर ते वजा करता येते. नवा डोया खोटा नाई. जुनाच तीन सालापासून प्रवाळाले थोडं जास्त बरं म्हणत होता."

"म्हणजे मागची तीन वर्षं चुकली?" मी विचारलं.

"चुकली. माह्याच हातानं चुकली. ते बी लिहू."

त्यांनी दामिनीताईंना फोन लावला आणि हे सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे लाटांच्या आवाजात ताईंनी नऊही फोटोंचे नंबर लिहून घेतले. मग ताई म्हणाल्या, "बाबा, तुमच्या उजव्या डोयाचं ऑपरेशन कवा हाय?"

"येत्या सोमवारी होतं. मी डॉक्टरले पुढं ढकला म्हटलं."

"न इचारता?"

"पेटी फेकल्यावर काय शेजारी ठेवू?"

"आई रागावली असंल."

"तिचं माह्यावर सहा साल रागावून झालं हाय एकदा, भावापायी. आता हे किरकोळ."

काकूंनी तांदळाचं सूप आपटलं आणि तोंड फिरवलं. मला वाटतं त्या हसत होत्या.

पुढचे सहा दिवस आम्ही सहाशे फोटो दोन-दोनदा पाहिले. खिडकीचा उजेड दोनच तास मिळे, म्हणून बैठकीची वेळ अर्धा तास आधी ओढली. देवमनजींनी हाच एक नियम वाकवला, आणि तोही लिहून ठेवला. मी रुमाल बांधायचो, सोडायचो, बांधायचो. शेजारची पिंकी एकदा कोथिंबीर मागायला आली आणि विचारून गेली, की काकाजी अन् हा नितेशदादा आंधळी कोशिंबीर काहून खेळून राहिले.

मागची तीन वर्षंही त्यांनी नव्या डोळ्याने थोडी थोडी तपासली. काम जसं सरकलं तसा त्यांचा हात पुन्हा सैल झाला. फोटो लागला की बोलायचे, "फिकट", "मेलेलं", "हे सावरून राहिलं, पाय, कडेनं रंग येऊन राहिला". सत्तावीस नंबरच्या खुंटीपाशी एक मोठं गोल प्रवाळ आहे, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. पंधरा वर्षांत ते दोनदा पांढरं पडलं आणि दोनदा सावरलं. यंदा तिसऱ्यांदा पडलं होतं. देवमनजींनी त्याच्यापुढे दोन्ही डोळ्यांनी 'पांढरं' लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात भर घातली, 'मेलेलं नाही. कोणी घाई करू नये.'

अहवाल वेळेत गेला. त्यात यंदा दोन रकाने आहेत, जुना डोळा आणि नवा डोळा. खाली एक टीप आहे, की मागील तीन वर्षांचे आकडे निरीक्षकाने स्वतः दुरुस्त करून दिले आहेत. यंदाचं नुकसान त्यामुळे आधी वाटलं होतं त्यापेक्षा थोडं हळू आणि थोडं आधीपासून चालू असलेलं दिसतं. साहेबांनी उलट निरोप पाठवला, की पुढच्या वर्षी फोटो नेहमीसारखे अकोल्यालाच येतील. संगणकही वाचेल, पण त्याचे शेरे देवमनजी तपासतील. देवमनजींनी यावर काही आनंद दाखवला नाही. "येतीनच," म्हणाले. "जातीन कुठी?"

अहवालात आणखी एक ओळ होती, 'सहायकाच्या हातून प्रतिमांचे रंग बदलले गेले, मूळ प्रत वापरली'. ती त्यांनी मला माझ्या हाताने लिहायला लावली, आणि 'सहायकाच्या' खोडून माझं नाव टाकायला लावलं. पंधरा वर्षांच्या कामात आता माझंही नाव आहे. मामाला दाखवलं. तो म्हणाला, फोटो तर छान उजळले होते लेका.

डिसेंबरात, दादरहून परत आल्यावर, त्यांचा उजवा डोळाही झाला. आता दोन्ही डोळे दूधच म्हणतात. जानेवारीत मी म्हटलं, काकाजी, चला अमरावतीला. ते म्हणाले, थंडीत दही नको. फेब्रुवारीत म्हणाले, पोट ठीक नाही. मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "काहून घाई करून राहिला? फिटलं म्हंजे पुन्हा तुले बटन दाबाची हिंमत येईन."

वडा अजून बाकी आहे. यंदाचे फोटो पुढच्या महिन्यात येतील.